कोबी कापणाऱ्यांच्या गावी

फळांना आणि भाज्यांना गावाचे नाव मिळावे, ही आपल्या देशात काही नवलाची गोष्ट नाही. रत्नागिरीचा हापूस, नागपूरची संत्री, मुझफ्फरपूरची लिची, मलिहाबादचा दशहरी, जळगावची केळी ही नावे नुसती उच्चारली, की फळाबरोबर तो मुलूखही डोळ्यांपुढे उभा राहतो. हंगाम साधून आपण त्या गावी गेलात, तर ते फळ झाडावर लगडलेले पाहण्याचे सुखही आपल्याला लाभते. नाव आणि माती यांची सहसा फारकत होत नाही. परंतु वाचकहो, एका देशाच्या राजधानीचे नाव मिरवणारी एक भाजी अशी आहे, की त्या राजधानीत तिचे रोप शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ती भाजी म्हणजे ब्रसेल्स स्प्राउट्स. आणि ती राजधानी म्हणजे अर्थातच बेल्जियममधील ब्रसेल्स.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे राहण्याच्या निमित्ताने मला त्या शहरी जाण्याचा योग आला. ब्रसेल्सच्या मध्यवर्ती भागाला लागूनच दक्षिणेस सँ-झिल नावाची वस्ती आहे. तेथे एका जुन्या, उंच व अरुंद इमारतीत मुलीचे बिऱ्हाड आहे. डिसेंबरात तिकडे सकाळचे साडेआठ वाजले तरी उजाडत नाही आणि दुपारी पाच वाजण्यापूर्वीच दिवे लावावे लागतात. अशा दिवसांत माणसाचे लक्ष आपोआपच घरातल्या उबेकडे, म्हणजे पर्यायाने स्वयंपाकघराकडे वळते. माझेही तसेच झाले.

पहिल्याच रविवारी मुलीने मला बाजार दाखवण्यास नेले. शहराचे मोठे रेल्वे स्थानक, गार द्यु मिदी, हे या सँ-झिलच्याच हद्दीत येते आणि दर रविवारी त्याच्या भोवती प्रचंड बाजार भरतो. मोरोक्कन व्यापाऱ्यांची ऑलिव्हची पिंपे, पुदिन्याच्या जुड्या, संत्र्यांचे डोंगर आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या यांमुळे क्षणभर आपल्याकडच्याच एखाद्या आठवडी बाजारात आल्याचा भास होतो. त्या गर्दीत एका ढिगापाशी मी थबकले. मोठ्या सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, घट्ट मिटलेल्या पानांचे हिरवेगार गोळे तेथे रचून ठेवले होते. प्रत्येक गोळा म्हणजे जणू एक संपूर्ण कोबी. बाहुलीच्या संसारात शोभावा एवढा. शेजारीच हातभर लांबीचे जाड दांडेही उभे करून ठेवले होते आणि त्यांवर हेच गोळे मण्यांसारखे ओळीने चिकटलेले होते.

“हीच येथली प्रसिद्ध भाजी,” मुलगी म्हणाली, “आणि हेच तिचे गाव. सँ-झिलच्या माणसांना जुन्या बोलीत कूलकाप्पर्स म्हणतात, म्हणजे कोबी कापणारे.”

कोबी कापणाऱ्यांच्या गावात आपण राहतो आहोत हे कळल्यावर त्या कोबीचे शेत पाहिल्यावाचून मला कसे राहवणार? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पायीच निघालो. आपणही मनाने आमच्याबरोबर यावे.

वस्तीच्या उत्तर टोकाला पोर्त द हाल नावाची एक दगडी वेस उभी आहे. चौदाव्या शतकात ब्रसेल्सभोवती जो दुसरा कोट बांधला गेला, त्याच्या वेशींपैकी एवढी एकच आज शिल्लक आहे. बाकीचा कोट एकोणिसाव्या शतकात पाडून टाकण्यात आला. ही वेस वाचली ती तिचा तुरुंग म्हणून उपयोग होत होता म्हणून. आज तेथे संग्रहालय आहे. या वेशीच्या आत शहर आणि बाहेर मळे, अशी त्या काळची वाटणी होती. सँ-झिलचे जुने नाव ओब्ब्रसेल, म्हणजे वरचे ब्रसेल्स. या चढावरच्या मळ्यांतून कोबी व इतर पालेभाज्या पिकत आणि शहराच्या चुलींपर्यंत पोहोचत.

शहराच्या वेशीबाहेरची जमीन किती मोलाची असते, हे आपल्याकडील वसईच्या किंवा कोणत्याही वाढत्या नगराच्या सीमेवरील बागायतदारास सांगावयास नको. माणसे वाढतात, भाजीची मागणी वाढते आणि नेमकी भाजी पिकवण्याची जागा आक्रसत जाते. ब्रसेल्सच्या माळ्यांपुढेही हाच पेच पडला होता, आणि म्हणूनच त्यांनी आडव्या पसरणाऱ्या कोबीऐवजी उभ्या वाढणाऱ्या या कोबीला जवळ केले, असे सांगतात. साधा कोबी दोन हात जागा अडवतो आणि एकच गड्डा देतो. हे रोप मात्र सरळ वर चढते, अडीच-तीन फूट उंच होते आणि एकाच दांड्यावर तीसचाळीस गड्डे देते.

याचे रहस्य समजून घेण्यासारखे आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स ही चार वेगळी कुळे नव्हेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकाच जातीची भावंडे आहेत. युरोपच्या समुद्रकाठच्या एका रानटी रोपापासून माणसाने शतकानुशतके निवड करून ती घडवली. कोठे शेंड्याचा मोठा कोंब वाढवला, तो कोबी झाला. कोठे फुलोरा वाढवला, तो फ्लॉवर झाला. कोठे खोड फुगवले, तो नवलकोल झाला. प्रत्येक पानाच्या बगलेत जो इवलासा कोंब असतो, तो वाढवला तेव्हा ही भाजी जन्मास आली. म्हणजे हा लहान राहिलेला कोबी नव्हे, तर पानोपानी बसलेली कोंबांची रांग आहे. फ्लँडर्सची डच भाषा बोलणारे लोक तिला स्प्रौत्येस, म्हणजे ‘इवले कोंब’ म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे.

आमचा शोध मात्र निष्फळ ठरत होता. पोर्त द हालपासून चढ चढत आम्ही पार्वी या चौकात आलो; तेथे उपाहारगृहांच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. पुढे बारिएर नावाच्या वर्तुळाकार चौकात सात रस्ते एकत्र येतात. तेथे पूर्वी जकातीचा नाका होता, आता ट्राम वळतात. १९०४ साली उघडलेले भव्य नगरभवन पाहिले. व्हिक्टर ओर्ता या वास्तुशिल्पीने १८९८ ते १९०१ या काळात बांधलेले स्वतःचे घर याच वस्तीत आहे. आज ते संग्रहालय असून २००० साली त्याची जागतिक वारसायादीत नोंद झाली. त्या घराच्या जिन्याचे लोखंडी कठडे वेलींसारखे वळणे घेत वर चढतात. रोपे, वेली, देठ सारे काही तेथे आहे, पण लोखंडात. सँ-झिलच्या मातीत कोबीचा एक वाफाही आम्हाला दिसला नाही. कोट पडल्यावर शहर वेशीबाहेर धावले, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळ्यांच्या जागी घरांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि कोबी कापणाऱ्यांच्या गावात कोबी उरला तो केवळ टोपणनावापुरता.

त्याचे शेत पाहण्यासाठी आम्हाला पुढल्या आठवड्यात आगगाडीने पश्चिम फ्लँडर्स प्रांतात जावे लागले. तेथील सपाट, ओलसर शेतांत धुक्यातून ती रोपे शिपायांसारखी रांगेत उभी होती. उन्हाळ्याच्या आरंभी लावलेले रोप शरद ऋतूपासून तोडणीस येते. खालचे गड्डे आधी भरतात, वरचे मागाहून, आणि तोड भर हिवाळ्यात चालू राहते. एक गोष्ट तेथे आवर्जून ऐकावयास मिळाली: हिमकण पडून गेल्यावर हा कोबी अधिक गोड लागतो. यात कविकल्पना नाही. कडाक्याच्या थंडीत पेशींतील पाणी गोठू नये म्हणून रोप आपल्याजवळच्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करते. तीच गोडी आपल्या जिभेला जाणवते.

असो. शेत पाहून झाले. आता ताटाकडे वळू. कारण या भाजीची खरी कथा शेतात नसून स्वयंपाकघरात आहे, आणि ती मला उमगली ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईंमुळे.

त्या बाईंनी ऐंशी वर्षे केव्हाच ओलांडली आहेत. जन्म, शाळा, लग्न, वैधव्य सारे सँ-झिलमध्येच. जिन्यात भेट झाली की त्या फ्रेंचमध्ये भरभर बोलत आणि मुलगी मला मराठीत सांगत असे. आमच्या पिशवीतील हिरवे गोळे पाहून त्या खो खो हसल्या. “मी अस्सल कूलकाप्पर आहे,” त्या म्हणाल्या, “पण ही भाजी सत्तर वर्षांत मी तोंडात घातलेली नाही. घालणारही नाही.”

कारण विचारता त्यांनी आपल्या बालपणीची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती वर्षे. वडील लवकर वारलेले. आई एका धुलाईखान्यात कामाला. घरात कोळशाची एकच शेगडी, आणि हिवाळ्यात घर गार पडू नये म्हणून ती दिवसभर धुमसत ठेवावी लागे. आई सकाळी निघताना त्याच शेगडीवर पाण्यात कोबी घालून भांडे ठेवी, आणि संध्याकाळी मुले शाळेतून येत तेव्हा राखाडी रंगाचा, लिबलिबीत, उग्र वासाचा तो गोळा ताटात पडे. “जिन्याच्या तळाशी पाऊल टाकले, की तो वास यायचा,” बाई म्हणाल्या. “आईला स्वयंपाक येत नव्हता, बिचारीला!”

वाचकहो, हे गाऱ्हाणे त्या एकट्या बाईंचे नाही. पश्चिमेकडील देशांत पिढ्यान्पिढ्या मुलांच्या नावडत्या पदार्थांत या भाजीचा पहिला मान असे. इंग्लंडमध्ये नाताळच्या जेवणात ती हवीच, आणि तिच्याविषयी कुरकूरही हवीच, अशी जणू प्रथा पडून गेली. याचे कारण काय असावे? उत्तरासाठी आपल्याला दूर जावयास नको; ते आपल्याच मिसळणाच्या डब्यात आहे.

आपण मोहरी घेऊ. मोहरीचा दाणा जिभेवर अखंड ठेवला, तर तो फारसा तिखट लागत नाही. तीच मोहरी वाटून पाण्यात फेसली, की नाकात झिणझिण्या आणणारा झणका उठतो. लोणच्याला आणि रायत्याला आपण तो मुद्दाम आणतो. आणि तीच मोहरी कडकडीत तेलात टाकली, की ती तडतडते, खमंग होते, पण तिचा झणका नाहीसा होतो. असे का घडावे? दाण्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात आणि त्यांचे विघटन करणारे पाचकद्रव्य दुसऱ्या कप्प्यात असते. दाणा फुटून पाणी लागले, की दोघांची गाठ पडते आणि झणका जन्मतो. कडक उष्णतेने मात्र ते पाचकद्रव्यच निकामी होते.

ब्रसेल्स स्प्राउट्स हे मोहरीच्याच कुळातील असल्याने त्यांच्यातही हाच खेळ चालतो. त्यातील सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन ही दोन द्रव्ये विशेष कडवट आहेत. भाजी मंद आचेवर पाण्यात दीर्घकाळ शिजत राहिली, की गंधकयुक्त द्रव्ये फुटत जातात आणि अंडे बिघडल्यासारखा वास सुटतो. भांडे जितका वेळ चुलीवर, तितका तो वास अधिक. रंगही हिरव्याचा राखाडी होतो. म्हणजे दोष भाजीचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. तो घड्याळाचा होता. याच भाजीला उकळत्या खारट पाण्यात सातआठ मिनिटेच ठेवले, तर ती हिरवी व रुचकर राहते. पण खरे रूप पाहावयाचे, तर तिला भाजावी.

भाजण्याचे महत्त्व महाराष्ट्रीय माणसाला पटवून द्यावयास नको. वांगे उकडले तर त्याचे भरीत होत नाही. ते निखाऱ्यावर भाजावेच लागते. हुरडा आगटीतच गोड लागतो. कोरड्या, प्रखर उष्णतेने पदार्थाच्या पृष्ठभागावरील पाणी उडून जाते, तेथील साखर व प्रथिने यांचा संयोग होऊन तपकिरी रंग चढतो आणि शेकडो नवे गंध निर्माण होतात. पाण्यात शिजवताना उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही. हा खमंगपणा येण्यास त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. म्हणूनच उकडलेल्या पदार्थाला खरपूसपणा कधीच येत नाही.

मुलीने त्या दिवशी केलेली कृती येथे देते. आपल्या गृहिणी-भगिनींना आणि हौशी बंधूंनाही ती सहज साधेल.

अर्धा किलो कोबी घ्यावा. शक्यतो लहान, घट्ट आणि सारख्या आकाराचा. बुडाचा वाळलेला भाग किंचित छाटावा, पण इतका नव्हे की पाने सुटावीत. वरची पिवळट पाने काढावीत. धुऊन स्वच्छ फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण ओला कोबी भाजला जात नाही, वाफवला जातो. मग प्रत्येकाचे उभे दोन भाग करावेत. दोन मोठे चमचे तेल, पाऊण चमचा मीठ आणि थोडी मिरपूड लावून हलक्या हाताने चोळावे. ओव्हन २०० ते २२० अंशांपर्यंत आधी तापवून ठेवावा. मोठ्या तबकात कापलेली बाजू खाली करून एकाच थरात मांडावे. दाटी करू नये. वीस ते पंचवीस मिनिटांत खालची बाजू गडद तपकिरी होते, सुटी पाने पापडासारखी कुरकुरीत होतात आणि सुरी सहज आत जाते. बाहेर काढल्यावर वरून लिंबू पिळावे. बेल्जियममध्ये या भाजीवर जायफळ किसून घालण्याची चाल आहे. तेही चिमूटभर घालून पाहावे.

घरी ओव्हन नसेल तर खंत नको. जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर किंवा कढईत दोन चमचे तेल चांगले तापवून कापलेली बाजू खाली ठेवावी आणि पाचसहा मिनिटे मुळीच ढवळू नये. ढवळण्याचा मोह आवरणे, हीच येथील सारी कला आहे. खाली रंग चढला, की उलटून दोन चमचे पाण्याचा हबका मारावा, झाकण ठेवून तीनचार मिनिटांत उतरवावे. हे प्रमुख भाजीचे काम करीत नाही. हे तोंडीलावणे आहे. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर-चटणीच्या पंगतीत ते शोभेल. बंगाली घरांत ते भाज्यासारखे डाळभाताबरोबर खाता येईल, आणि तमिळ घरांत पोरियलप्रमाणे मोहरी-उडीदडाळीची फोडणी व ओले खोबरे त्यास साजेल.

पोषणाच्या दृष्टीनेही ही भाजी मोलाची आहे. १०० ग्रॅम कच्च्या कोबीत सुमारे ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तंतुमय भाग जवळजवळ ४ ग्रॅम आणि उष्मांक मात्र केवळ ४३. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो आणि उकडल्यास काही पाण्याबरोबर जातो. भाजताना निदान पाण्याबरोबर जाणारा भाग वाचतो. हिच्यात के जीवनसत्त्वही भरपूर असल्याने रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनसारखे औषध घेणाऱ्यांनी आहारात एकदम मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

इतके करूनही एखाद्याला ती कडू लागली, तर त्यास लबाड ठरवू नये, विशेषतः मुलांना. कडू चव ओळखणारी शक्ती सर्वांना सारखी नसते. तिच्यातील फरकाचा काही भाग आनुवंशिक असतो. ज्या घासाला मोठे माणूस ‘किंचित तुरट’ म्हणते, तो लहान मुलाला खरोखरच कारल्यासारखा लागू शकतो. बीजतज्ज्ञांनीही हे गाऱ्हाणे मनावर घेतले. १९९० नंतरच्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने वर सांगितलेली दोन कडवट द्रव्ये निश्चित केली. त्यानंतर बियाणे तयार करणाऱ्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या वाणांतून कमी कडू असे वाण शोधून काढले आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. आज बाजारात मिळणारा कोबी त्यामुळे पूर्वीपेक्षा सौम्य आहे. ज्यांनी तो लहानपणी खाऊन सोडला, त्यांनी प्रत्यक्षात ही भाजी अजून खाल्लेलीच नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वरच्या मजल्यावरील बाईंकडे परत जाऊ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या एकट्या असणार हे कळल्यावर मुलीने त्यांना आमच्याकडे जेवावयास बोलावले. ओव्हनमधून तबक बाहेर आले, तेव्हा घरभर भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा खमंग वास दरवळत होता. बाईंनी विचारले, “हे काय भाजले आहे?” मुलीने नाव सांगताच त्यांनी हात मागे घेतला. मग केवळ यजमानिणीचे मन राखण्यासाठी म्हणून त्यांनी एक अर्धुक काट्यावर उचलले. ते खाल्ले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग दुसरे उचलले, तिसरे उचलले.

मी त्यांना मोहरीची गोष्ट सांगितली; फेसलेली आणि फोडणीची. मुलीने ती फ्रेंचमध्ये समजावली. बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, “याला किती वेळ लागला?”

“वीस मिनिटे,” मुलगी म्हणाली. “पण तेवढा वेळ जवळ थांबावे लागते; नाहीतर करपते.”

बाईंनी काटा खाली ठेवला. “माझ्या आईजवळ वीस मिनिटे नव्हती,” त्या म्हणाल्या. “तिच्याजवळ सकाळ होती आणि रात्र होती. मध्ये धुलाईखाना होता. आणि मी जन्मभर सांगत आले, की तिला स्वयंपाक येत नव्हता.”

त्यावर काय बोलावे हे आम्हा दोघींनाही सुचले नाही. थोड्या वेळाने मुलीने तबक त्यांच्या पुढे सरकवले आणि त्यांनी उरलेले सगळे शांतपणे संपवले. दोनतीन दिवसांनी जिन्यात त्यांची गाठ पडली, तेव्हा त्यांच्या पिशवीत हिरवे गोळे होते.

या भाजीने ब्रसेल्सबाहेर पुष्कळ प्रवास केला आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी १८१२ साली आपल्या माँटिसेलो येथील बागेत ती लावली होती. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन यांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात तिच्या कृती आढळतात. आपल्या देशातही जेथे हिवाळा थंड आणि दीर्घ असतो, तेथे ती रुजली आहे. निलगिरीच्या मळ्यांत ती पिकते. हिमाचलच्या डोंगराळ भागातही पिकते, आणि कुलू खोऱ्यात कटराईन येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे जे प्रादेशिक केंद्र आहे, तेथे थंड हवामानातील अशा भाज्यांवर काम चालते. थंडीच्या दिवसांत मोठ्या शहरांच्या मंडईत ती मधूनमधून दृष्टीस पडते. मिळाली तर एकदा अवश्य आणावी. न मिळाली, तर आपल्या साध्या कोबीच्या देठासकट जाड फोडी करून त्यांवर हाच प्रयोग करावा. आच मात्र प्रखर ठेवावी आणि फोडी कोरड्या असाव्यात. भावंडेच ती, त्यांचा स्वभाव फारसा वेगळा नाही.

आणि तो खमंग घास तोंडात असताना आपल्याही घरच्या एखाद्या नावडत्या भाजीची आठवण झाली, तर जरा थांबावे. ती भाजी चुलीवर किती वेळ होती, चुलीत जळण कोणते होते, आणि ती चढवून आपली आई किंवा आजी कोणत्या कामाला निघाली होती, हे विचारून पाहावे. सांगणारे माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारावे.